अक्काचं केळीचं पान

सावद्याची अक्का, म्हणजे माझी आत्या, एका वाक्यावर हमखास भडकायची. "काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल." असं म्हणणाऱ्या माणसाकडे ती रोखून बघायची. "मुंगी मले चावनार हाये का तुले?"

ही एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. कॅन्सरच्या औषधासाठी मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक छोटी डबी बसवली होती. ते त्या डबीला पोर्ट म्हणत, अक्का बटण म्हणायची. हाताच्या शिरा शोधत टोचत राहण्याचा छळ त्यामुळे संपला, पण दर खेपेला बटणावर सुई खुपसावी लागेच. त्यासाठी जागा बधिर करणारं मलम मिळालं होतं. तासभर आधी लावायचं, वरून पट्टी लावून झाकायचं, मग पुसून टोचायचं.

पुढचे डोस जळगावला होते. पहिल्याच खेपेला मीही सोबत होते. तिथल्या सिस्टरने मलमाची ट्यूब बाजूला सारली. "इथे असले लाड नाहीत, मावशी."

अक्काचे यजमान नाना, त्यांनाही लाज वाटली. "तीन बाळंतपनं काढली तू, अन् एवढ्याशा सुईले भेते?"

"तव्हा उपाय नव्हता. आता हाये." अक्काने ट्यूब ओढून मलम लावलं आणि ती बटणावर पंजा ठेवून बसली. "घंटाभर थांबा. नही तं मी चालली सावद्याले, पुन्हा येनार नही."

ती खरंच उठून गेली असती आणि उपचार अर्धवट सुटले असते. माझं डोकंच फिरलं. डॉक्टरांची वाट बघत माणसं सकाळभर बाकावर ताटकळायची, ते चालायचं. एका बाईच्या दुखण्यासाठी मात्र कुणाकडे तास नव्हता! मी आवाज चढवला, सिस्टरनेही चढवला, आणि त्या भांडणातच निम्मा तास गेला. उरलेला त्यांनी कुरकुरत दिला. सुई आत गेल्यावर अक्काने विचारलं, "टोचली का?"

मग अक्काने भांडणाचं कारणच ठेवलं नाही. सावद्याला बसमध्ये चढण्याआधीच मलम लावायची. मुंबईच्या पट्ट्या संपल्यावर वरून कोवळ्या केळीच्या पानाचा धुतलेला तुकडा ठेवून चिकटपट्टी मारायची. जळगाव येईपर्यंत जागा बधिर. सिस्टर पान बघून कपाळावर हात मारायची, पण जागा नीट साफ करून टोचायची. चिकाचे काळे डाग अक्काच्या प्रत्येक झंपरावर पडले होते.

त्या औषधाने काही वर्षं दिली. मग अक्का गेली. दहाव्याला बायका म्हणू लागल्या, "किती सोशिक होती! सुई टोचली तरी हूं की चूं नाही."

माझा तोल सुटला. "सोशिक नव्हती ती! ते न दुखणं भांडून मिळवलं तिने. तुम्ही सगळे तिला सोसायलाच सांगत होतात."

मग नाना खाली बघत म्हणाले, "बराबर बोलते पोरगी. पान तं मीच आनून देत होतो."

मग त्या दिवशी जळगावला तिच्या बाजूने का नाही बोललात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांच्याकडे बघून गिळलं. राग मात्र अजून गेलेला नाही.