तलावाच्या पाळीवरचं पाळणाघर

सरकारी नोंदीत कोसमटोल्याचं पाळणाघर तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर आहे. प्रत्यक्षात ते तिथून चारशे पावलं खाली, डोंगराच्या खोलगटात, सीताबाई उईकेच्या छपरीत आहे. ही चूक माझी. दुसऱ्यांच्या चुका मी पुढे सांगणारच आहे, त्याबाबतीत मी कंजूष नाही. पण पहिली चूक माझी, एवढं आधी सांगून टाकतो.

मी लिलाधर. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवतो. जन्म-मृत्यूचे दाखले, घरकुलाचे अर्ज आणि वरून जे ॲप येईल ते, असं माझं काम. आमचं घर ढिवरांचं, बाप जन्मभर तलावात जाळं टाकत राहिला. कोसमटोला आमच्याच पंचायतीत येतो. आंबागडच्या पलीकडे जंगलात तीस-एक घरं, सगळी गोंडांची.

सीताबाई या टोल्यात सून म्हणून आली तेव्हा सातवी शिकलेली होती, आणि तेवढं शिकलेली बाई टोल्यात दुसरी नव्हती. नवरा गवंडीकामाला नागपुरात, सणासुदीला येतो. बाईचा आवाज मोठा, जीभ तिखट. पंचायतीत आली की आधी पंख्याखालची खुर्ची ओढून बसायची, मग "कोनी आहे का जिवंत?" म्हणून विचारायची. मला ती आवडायची नाही, कारण ती आली की काम करावं लागायचं.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत टोल्यातल्या बाया तान्ही पोरं बांधीच्या धुऱ्यावर, भातखाचराच्या कडेला, छत्रीखाली झोपवून चिखलात उतरत. एका वर्षी धुऱ्यावरच्या पोराला साप चावला. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेलं. दुसऱ्या दिवशी सीताबाई घरोघरी फिरली आणि म्हणाली, "पोट्टे माह्या छपरीत आनून टाका. मी रोवनीले नाई जात." त्यानंतर सहा वर्षं तिनं पोरं सांभाळली. कोणी तांदूळ द्यायचं, कोणी मोहफुलं, कोणी काहीच नाही. त्या सहा वर्षांत एकाही पोराला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आणि त्या सहा वर्षांचा एकही कागद नाही.

मग केंद्राची योजना आली. आदिवासी टोल्यांत पाळणाघरं, पैसा दिल्लीचा. पोरांना रोज खिचडी, आठवड्याला तीन अंडी, वजनकाटा, चटया, सेविकेला मानधन. सीताबाईला मानधनापेक्षा अंड्यांचं मोठं वाटलं. तिनं मला विचारलं, "काय काय लागते?" मी यादी छापून दिली. यादी दोन पानांची होती.

प्रत्येक पोराचं आधार. आईबापाचा जमातीचा दाखला, आणि त्या दाखल्यासाठी पन्नास सालाच्या आधीचा पुरावा. गोंडांना गोंड असल्याचा पुरावा! मनाली मडावीच्या पोरीसाठी सीताबाई मनालीच्या आजेसासऱ्याच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा काढायला चार वेळा गेली. शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीनं अर्धं खाल्लं होतं, नशिबानं मडावींचं पान उरलं होतं. पाण्याचा तपासणी अहवाल, मातांच्या समितीचा ठराव, खोलीचा नकाशा, शंभर रुपयांच्या स्टँपवर हमीपत्र. हे सगळं तिनं एका प्लास्टिकच्या पन्नीत घालून आठ महिने तालुक्याला खेटे घातले. बसमध्ये ती पन्नी मांडीवर धरून बसायची. माझ्यासारखा माणूस दोन खेट्यांत थकला असता, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

शेवटची पायरी माझी होती. पाळणाघरासमोर उभं राहायचं, ॲप उघडायचं, जागा नोंदवायची. टोल्यात रेंज नाही. मी छपरीसमोर मोबाइल हातात धरून अर्धा तास फिरलो, ऊन होतं, भूक लागली होती. शेवटी तलावाच्या पाळीवर चढलो. तिथं दोन दांड्या आल्या. मी बटन दाबलं.

सीताबाई माझ्या मागे आली होती. म्हणाली, "लिलाधरभाऊ, घर तं खाली आहे."

"चालते व," मी म्हणालो. "कागदच तं आहे."

मंजुरी आली आणि सोबत नियम आला. रोज सकाळी दहाच्या आत पोरांचा फोटो टाकायचा. ॲप स्वतः चेहरे मोजणार. दहापेक्षा कमी भरले तर तो दिवस बाद, महिन्यात तीन दिवस बाद झाले तर अनुदान बंद. आणि फोटो नोंदवलेल्या जागेपासून पन्नास मीटरच्या आतच काढलेला पाहिजे. पहिल्या दिवशी सीताबाईनं छपरीत फोटो काढला आणि रेंज शोधत जाऊन टाकला. ॲपनं सांगितलं, केंद्राच्या हद्दीबाहेर. ती पोरं घेऊन पाळीवर गेली, तिथं काढला. लगेच स्वीकारला गेला.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी साडेनऊला सगळी पोरं घेऊन पाळीवर जाऊ लागली. एका जुन्या लुगड्याला गाठी मारल्या होत्या. एकेका गाठीला धरून एकेक पोर, सगळ्यात लहान तिच्या कडेवर. मदतनिसाचं पद मंजूर होतं, भरलेलं नव्हतं. संध्याकाळी ती पाळीवर चढून मला फोन करायची आणि शिव्या द्यायची. त्या शिव्या मला लागू होत्या, म्हणून मी ऐकून घ्यायचो.

जागा दुरुस्त व्हावी म्हणून मीच अर्ज लिहून दिला. तालुक्यानं जिल्ह्याकडे बोट दाखवलं, जिल्ह्यानं वर. पाच महिन्यांनी उत्तर आलं की अधिकाऱ्यानं स्वतः जाऊन पडताळणी केली तरच जागा बदलता येईल. फेब्रुवारीत तालुक्याहून चंद्रकुमार साहेब आले. तरुण, सज्जन माणूस. छपरी पाहिली, पोरांशी खेळले, खिचडी खाल्ली. मग त्यांनी आपला मोबाइल काढला. छपरीत रेंज नव्हती, पडताळणीचं पान उघडेना. साहेबांना आणखी तीन गावं करायची होती. ते पाळीवर चढले आणि तिथून बटन दाबलं. मी शेजारी उभा होतो, सीताबाईही होती. मोबाइलवर हिरवी खूण आली: केंद्राचं स्थान पडताळलं, यापुढे बदल करता येणार नाही.

साहेब स्वतःच खजील झाले. "बघू आपण, वरून करून घेऊ," म्हणाले.

जुलैत रोवणी ऐन भरात आली. तलाव तुडुंब होता. भरलेल्या तलावात पाळीच्या आतल्या अंगाला दोन पावलांवर उतार एकदम तुटतो आणि खाली गाळ असतो. हे ढिवराच्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. मला माहीत होतं. बटन दाबताना मला ते आठवलं नाही, कारण तेव्हा उन्हाळा होता आणि तळाला पाणी होतं.

त्या दिवशी अकरा पोरं आली होती. सीताबाईनं गाठींचं लुगडं बाजूला ठेवून त्यांना ओळीत बसवलं. पहिल्या फोटोत चेहरे आठ भरले, कोणी मान वळवली होती. दुसऱ्यात नऊ. तिसऱ्यात एक रडायला लागलं, पुन्हा आठ. दहा वाजायला आठ मिनिटं होती, आणि त्या महिन्यात दोन दिवस आधीच बाद झाले होते. ती मागे सरकली, पोरांना हाका मारल्या, चौथा फोटो काढला. चेहरे दहा. ॲपनं फोटो स्वीकारला.

अकरावी मनालीची खुशी होती, अडीच वर्षांची. ती काठाकडच्या शिंगाड्याच्या वेलांकडे गेली होती. सीताबाई अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली, गाळात कमरेपर्यंत रुतली, तिनं खुशीला बाहेर काढलं. उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडानं श्वास दिला. पोरगी गेली होती. ऑफिसच्या लेखी त्या दिवसाची हजेरी पूर्ण होती.

मनाली बांधीतून पळत आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रोपांची पेंढी तशीच. ती सीताबाईला एक शब्द बोलली नाही. मी त्या दिवशी घरकुलाच्या अर्जांसाठी टोल्यात आलो होतो, ओरडा ऐकून तिथं पोचलो होतो.

दहाव्या दिवशी मनाली मृत्यूच्या दाखल्यासाठी माझ्याकडे आली. मृत्यूचं ठिकाण या रकान्यात मी तलाव लिहिलं. तिनं विचारलं, "तिथं कायले नेलं होतं भाऊ माह्या पोरीले?"

"फोटोसाठी."

"फोटो घरी नाई निंगत काय?"

"नाही निघत."

"काहून?"

"तिथं रेंज नाही," मी म्हणालो. तिनं मान हलवली, दाखला घडी करून पदरात बांधला आणि गेली. मी खोटं बोललो नव्हतो, आणि त्यापेक्षा वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी चंद्रकुमार साहेब पंचायतीत आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "जागा चुकली असं आपण सांगितलं, तर आजवरचं अनुदान अस्तित्वातच नसलेल्या केंद्राला गेलं असा अर्थ निघतो. पाळणाघर त्याच दिवशी बंद होईल. तुमची नोकरी जाईल, माझी तर जाईलच." त्यांचे डोळे सुजलेले होते.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून तिघं आले. केंद्र म्हणून त्यांनी छपरी पाहिली, ॲपवरची जागा कोणी उघडून बघितली नाही. त्यांनी सीताबाईला विचारलं, "केंद्र सोडून मुलांना तलावावर कशाला नेलं?"

मला वाटलं, आता ती माझ्याकडे बोट दाखवेल. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नेलं जी," ती म्हणाली. "माही चूक झाली."

विनापरवानगी, निष्काळजीपणे, असे शब्द घालून जबाब लिहिला गेला. साक्षीदार म्हणून सही माझी. मी ती केली. सीताबाईला कमी केलं. टोल्यातलीच अपेक्षा, बारावी झालेली मुलगी, तिच्या जागी आली. पाळणाघर पंधरा दिवसांनी पुन्हा उघडलं, त्याच छपरीत, कारण टोल्यात दुसरी जागाच नाही. पोरं बाहेर खेळायची आणि सीताबाई आत चुलीपाशी बसून राहायची. पोरं हाका मारायची, ती बाहेर यायची नाही. एकाही पोराला ती हात लावत नव्हती.

मला राहवलं नाही. एका संध्याकाळी मी अर्ज टाइप केला: जागा मी चुकीची नोंदवली, पडताळणीही चुकीची झाली, सीताबाईचा दोष नाही. अर्ज घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं तो मला मोठ्यानं वाचायला लावला.

"हे देल्लं तं काय होईन?"

"तुमचं नाव मोकळं होईल."

"आन पालनाघर?"

मी अर्जाची दुमडलेली कडा सरळ करू लागलो.

"बोला ना. आता कायले वाचा बसली?"

"चौकशी होईपर्यंत बंद. वर्षही लागेल."

"रोवनी चालू आहे," ती म्हणाली. "पोट्टे पुना धुऱ्यावर झोपतीन." तिनं अर्जाची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली. "माह्या नावाचं काय घेऊन बसले, भाऊ? माह्या हातून लेकरू गेलं. तुमी कागद लिवला म्हनून ते वापस येते काय?"

मी रडलो. ती रडली नाही. म्हणाली, "लिवू नका. सकाळी साडेनवाले पाळीवर येत जा. पान्याच्या बाजूनं उभे राहा. अपेक्षाच्या एका हातात फोन असते."

तेव्हापासून मी रोज जातो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर, पोरं आणि पाणी यांच्या मध्ये उभा राहतो. फोटो स्वीकारला गेला की पोरांना छपरीपर्यंत सोडतो आणि पंचायतीत जातो. सरपंचांनी उशिराचं कारण विचारलं, मी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी मनाली आली. कडेवर धाकटा, अकरा महिन्यांचा. घरी ठेवायला कोणी नाही, आणि रोवणी कोणासाठी थांबत नाही. मला पाण्यात पाय टाकून उभा पाहून ती थबकली.

"तुमी इथं काहून?"

या खेपेला मी सांगितलं. पाळणाघराची जागा इथं मी लावली, छपरीत रेंज नव्हती म्हणून. त्यामुळे फोटो इथंच काढावा लागतो. सीताबाईचा काही गुन्हा नव्हता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी इचारलं होतं तुमाले," ती म्हणाली. "तवा सांगाचं होतं."

मग तिनं धाकट्याला अपेक्षाच्या कडेवर दिलं, पाण्यापासून लांबच्या बाजूला. फोटो निघाला, दहाच्या वर चेहरे भरले, अपेक्षानं फोन खाली केला. मनाली गेली नाही. तिनं बोट दाखवून एकेक पोर मोजलं, शेवटपर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुमी मोजा." मी मोजले. तेरा होते. मग ती रोवणीला गेली.