सामाईक जोडी

अकोल्यात अकरावीला आम्हाला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा मला अजूनही राग येतो. सहसंयुज बंध शिकवताना ते म्हणाले, दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन देतात आणि ती जोडी दोघांची सामाईक होते, अगदी अर्धी-अर्धी.

आमच्या घरी तेच होतं. एक बैल आमचा, एक थोरल्या काकाचा, जोडी दोघांची. पण पाऊस उघडला की डवरणीला, म्हणजे पिकातलं तण काढायला, ती आधी काकाच्याच वावरात जायची आणि तोवर आमची कपाशी तणात बुडायची. बाबा कधी बोलले नाहीत. मी वर्गात उभी राहिले, बैलांचं सांगितलं आणि विचारलं, "सर, सामाईक जोडी एकाकडंच जास्त रायली, तं त्या बंधाले काय म्हणाचं?"

सरांनी माझं 'रायली' वेडावून दाखवलं. "बैल घरी बांधून येत जा," म्हणाले. वर्ग खो खो हसला.

आठवडाभरानं त्याच माणसानं फळ्यावर हायड्रोजन क्लोराइड काढलं. जोडी सामाईक असली तरी क्लोरीन ती आपल्याकडे ओढून धरतो, असं शिकवलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा हसलेले सगळे आता मुकाट्यानं लिहून घेत होते.

"कुणाला काही शंका?" सरांनी विचारलं.

शंका नव्हतीच, राग होता. आणि मी बाबांसारखी गप्प बसले.