इन्ताची टाच

इन्ताची सगळी मिजास त्याच्या टाचेत होती. नांगराचा फाळ शेगडीवर लाल करायचा, तिळाच्या तेलात बुडवलेली टाच त्यावर क्षणभर टेकवायची आणि त्याच गरम टाचेनं आखडलेली कंबर दाबत न्यायची. हे काम माए चेम नदीच्या खोऱ्यात त्याच्याइतकं कुणालाच साधलं नव्हतं. दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून आलेली माणसं आपल्या पायांनी घरी जायची. चटका बसेल का, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, आधी मला बसेल.

त्या सकाळी बुआलोई आली. भाताची रोपं लावून कंबर धरलेली. वयानं मोठी, म्हणून इन्ता तिला पी, म्हणजे ताई, म्हणायचा आणि ती त्याला वाटेल ते बोलायची. चटईवर पालथी पडता पडता तिनं त्याच्या ढेरीचा उद्धार केलाच. मोठ्या माणसाला पाय लावायचा म्हणून इन्तानं रिवाजाप्रमाणे हात जोडून तिची माफी मागितली, टाच तेलात बुडवली आणि फाळावर टेकवली.

भक्कन ज्योत उठली. टाचेला काहीच जाणवलं नाही.

त्यानं पुन्हा टेकवली, जरा जास्त वेळ. तेल चरचरलं, कातडी जळल्याचा वास आला, पण चटका म्हणून नाही. पायाला मुंग्या येतात हे काही आजचं नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सनं साखर वाढल्याचं बजावलं होतं, पण शहाण्यानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. आता पाय बुआलोईच्या कमरेवर अधांतरी धरून तो उभा होता. अंदाजानं ठेवावा का? अंदाज चुकला तर? ती बापडी डोळे मिटून निर्धास्त पडली होती.

तेलाचा एक थेंब तिच्या पाठीवर पडला.

"आई गं! अरे, भाजलं की!"

"पी, मला कळत नाहीये."

"काय कळत नाही?"

"किती तापलाय ते. काहीच लागत नाहीये पायाला."

बुआलोई कण्हत उठून बसली आणि पाय दाखव म्हणाली. इन्ता मागे सरकला. तिच्या मांडीवर पाय द्यायचा म्हणजे पापच की! तिनं घोटा धरून ओढलाच. टाचेच्या कडेला बांबूचं जाड कुसळ खोलवर रुतलं होतं. भोवतालचं मांस काळं पडलेलं, दाबलं तसा पू आला.

"हे कधी घुसलं रे?"

इन्तानं वाकून पाहिलं. कधी घुसलं ते त्याला ठाऊकच नव्हतं.

"पी, पाय कापतील का माझा?"

एरवी तिची जीभ कुणाला ऐकायची नाही. आज मात्र आपल्या लुंगीचं टोक घेऊन ती त्याच्या पायाचं तेल पुसत राहिली, हलक्या हातानं, जणू त्याला दुखेल.