केंदूरच्या आबांना मी जमिनीवर आणलं

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. कारण या प्रकरणात मी जी माती खाल्लीय ना, ती सबंध केंदूरला माहीत आहे. तुम्हीच तेवढे राहिलात!

फुलशेती करणाऱ्या बायकांच्या कामावर मला एम.ए.चा प्रबंध लिहायचा होता. पण आमचं संशोधन वेगळं हं! गावात जायचं, साहेबी थाटात प्रश्न फेकायचे आणि माहिती उचलून पळायचं, असलं नाही. आदरानं, बरोबरीनं, गावाला सोबत घेऊन! वर्गात यावर मी इतकी बोलले होते की शेवटी सरांनी घड्याळ दाखवलं.

बैठकीला बोलावलं, तर केंदूरच्या बायका म्हणाल्या, "आबा व्हय म्हणले तर येतो आमी." आबा म्हणजे गावातलं ऐंशीच्या घरातलं जुनं खोड. त्यांचा होकार आला तर प्रबंध, नाहीतर वर्ष पाण्यात.

गेले. आबा अंगणात खाटेवर, शेजारचे दोन मामा ओट्यावर. आबांच्या सूनबाई शोभाकाकूंनी माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली.

आता बसावं की नाही गुपचूप? पण आम्हाला समान पातळी हवी ना! मी ऐटीत खाली मांडी ठोकली.

"अगं पोरी, वर बस."

"नको आबा, मला खालीच बरं."

"बस म्हणतो ना वर!"

"खरंच नको!"

"पाव्हणी खाली आन् मी वर? लोकं शेण घालतील तोंडात!" असं म्हणत आबा काठी टेकून खाली उतरलेसुद्धा! मग मामा कसे वर राहतील? तेही उतरले.

मी हरखले. याला म्हणतात बरोबरी! पहिला प्रश्न विचारला. आबा गप्प. दुसरा विचारला. आबांच्या कपाळावर घाम. मला वाटलं, प्रश्न फार खोल गेला! समोरच्याच्या शांततेचा मान राखायचा, असं आम्हाला शिकवलंय. मी दोन मिनिटं मान राखत बसले.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि किंचाळल्या, "आगं बया! गुडघ्याचं आपरेशन झालंय त्यांच्या! डाक्टरनं खाली बसायचं न्हाई म्हणून सांगितलंय!"

"आबा, मग बोलला का नाहीत?"

"दोनदा वर बस म्हणलो! आनखी काय, स्टॅम्पपेपरवर लिहून द्यू?"

मी स्वतः दौंड तालुक्यातली, खुटबावची. पाहुण्याला खाली बसवून यजमान वर बसत नाही, हे मला कुणी पुस्तकातून शिकवायला हवं होतं का?

मामांनी आबांच्या काखेत हात घातले. मी घाईघाईनं पाय धरला.

"सोड! त्योच दुखतोय!"

कसेबसे आबा खाटेवर आले. मी रडवेली. "आबा, चुकले. आता बायकांना नाही म्हणणार का?"

आबांनी चहाचा एक घोट घेतला. "येतील बाया. पर एक अट हाय. तू खुर्चीवरनं हलायचं न्हाई."

रविवारी देवळाच्या सभामंडपात पंचवीस बायका जमल्या. झेंडू तोडून तशाच आलेल्या, फरशीवर ऐसपैस मांड्या घालून बसलेल्या. आणि मधोमध, उशी घातलेल्या एकुलत्या एक खुर्चीवर, मी! दाराशी आबा काठी घेऊन पहाऱ्याला. पहिलं वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं. दुसरं काही सुचेना, म्हणून तेच म्हणाले:

"मावश्यांनो, इथं आपण सगळ्या एकाच पातळीवर आहोत."

पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी मान वर करकरून माझ्याकडं पाहिलं. "व्हय म्याडम, दिसतंय की!"