देवाच्या आधी मला

करुणा फोन करत नाही, मेसेज करते. माझ्या या मुलीच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि फोनमधला आवाज तिच्यापर्यंत तुटक पोचतो, म्हणून आमच्या घरात बोलायचं ते समोरासमोर, नाहीतर लिहून. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी कोर्टात न्यायाधीश साहेब निकालपत्र सांगत होते, मी टाइप करत होते, आणि मांडीवरच्या फोनवर तिचं नाव येऊन तो थरथरायचा थांबेना, तेव्हा मी परवानगी न विचारताच उठले. व्हरांड्यात आले. ती म्हणाली, "आई, आजी उठत नाहीये. मी हाक मारली. मोठ्यानं मारली." मी पुष्कळ काही बोलले असते तरी तिला नीट कळलं नसतं. "आले" एवढंच म्हटलं आणि स्कूटर काढली.

माझ्या सासूबाई, एस्तेरबाई, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. वाटाणे सोलून झाले होते, सालं वेगळ्या ताटलीत काढलेली होती. शेजारचे डॉक्टर येऊन गेले होते, त्यांनी सांगितलं की बसल्या जागी हृदय थांबलं, त्रास झाला नसावा. दहावीच्या परीक्षेसाठी घरी असलेली करुणा त्यांचा हात धरून खाली बसली होती. माझा नवरा प्रदीप अजून वाटेत होता. मी गॅस बंद आहे ना ते पाहिलं, मग त्यांच्या पदरावरचं एक साल उचललं, आणि मग रडले.

आता सहा आठवडे झाले. लोक विचारतात, सावरलीस का? मी हो म्हणते, आणि ते खरं आहे. थोडी लाज वाटावी इतकं खरं आहे. कोणी गेलं की राहून गेलेल्या गोष्टी माणसाला खात असतात. आमच्यात तसं काही उरलं नाही. पण हे आपोआप झालं नाही… सुरुवात तर फार वाईट होती.

माझं माहेर याच शहरातलं, इंदोऱ्याचं. आजोबांच्या पिढीपासून आम्ही बौद्ध. प्रदीप ख्रिस्ती, मेकोसाबागेजवळ राहणारा. आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. माझे बाबा दोन महिने बोलले नाहीत, मग बोलायला लागले. प्रदीपच्या आई पहिल्या दिवसापासून बोलत होत्या, पण माझ्याशी नाही, देवाशी. त्या स्वयंपाक करता करता मोठ्यानं प्रार्थना करायच्या. तीन मुलं त्यांना. थोरली जबलपूरला दिलेली, मधला भिलाईला नोकरीला, आणि धाकटा प्रदीप जवळ. कणीक मळताना थोरलीचं नाव, भाजी चिरताना मधल्याचं, फोडणी बसली की प्रदीपचं. थोरलीचे गुडघे, मधल्याची बदली, सगळं त्या देवाला तपशीलवार सांगत. कुही तालुक्यातल्या खेड्यात वाढलेल्या होत्या, देवाशीही त्याच बोलीत बोलायच्या. मला पहिल्यांदा ते आवडलं होतं. मग हळूहळू मी त्या प्रार्थनेत येऊ लागले. नाव नसायचं. "प्रभू, या घरात मिठाचा हात सैल झाला हाये, माह्या पोराचं बीपी आता तूच सांभाळ." किंवा, "प्रभू, सकाळी नऊ वाजता पर्स खांद्याले लावून निघून जाणाऱ्यांले सुबुद्धी दे." मी तीन पावलांवर डबा भरत उभी. देवाला ऐकू जायला एवढा आवाज लागत नाही, हे मलाही कळत होतं.

प्रदीपला सांगितलं तर तो हसायचा. "ती असंच करते. बाबा होते तेव्हा बाबांच्या बिड्या देवाले सांगायची." मी दोन वर्षं ऐकून घेतलं. मग करुणा झाली. नाव मीच सुचवलं. माझ्या बाबांना ते आपलं वाटलं, सासूबाईंना, म्हणजे आईंनाही आपलं वाटलं, आणि पहिल्यांदाच दोन्ही घरं एका गोष्टीवर खूश झाली. सहा महिन्यांनी मी पुन्हा कामावर जायला लागले. त्या आठवड्यात एका सकाळी आई पाटोडीच्या, बेसनाच्या वड्या कापत होत्या आणि म्हणत होत्या, "प्रभू, हे लेकरू आईच्या दुधावाचून राहते दिवसभर. तू तं पाहूनच राहिला हायेस." मी हातातला डबा ओट्यावर ठेवला. कोर्टात राहून मी पुस्तकी मराठी बोलायला लागले होते, पण त्या दिवशी तोंडातून माहेरचीच बोली आली. म्हटलं, "आई, मले जे सांगायचं ते मलेच सांगत जा. देवाले मध्ये कायले घालता? त्याच्या आडून मले मारता तुम्ही."

 त्यांनी वड्या कापल्या, रस्सा केला, माझ्या डब्यात भरून दिला. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात आवाज बंद. त्या ओठ मिटून कणीक मळत. भांड्यांचे आवाज तेवढे यायचे. प्रदीप म्हणाला, घर कसं सुनं वाटते. मला वाटलं, जिंकले… पण जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. संध्याकाळी घरी आलं की त्या करुणाला माझ्या मांडीवर द्यायच्या आणि आत जायच्या. असे तीन महिने गेले.

एका शुक्रवारी मी चपला काढतच होते तर त्या दारातच उभ्या. म्हणाल्या, "बस. मले तुह्याशी बोलायचं हाये. देवाले अजून सांगितलं नाही, तुलेच पहिले सांगून राहिली."

मी बसले. त्या समोर बसल्या आणि एकेक करून सांगायला लागल्या, साक्षीदार सांगतो तसं, न फुगवता. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या हातून परात पडली होती. करुणा पाठमोरी चटईवर बसली होती. तिनं मान वळवली नाही. "मले वाटलं, खेळण्यात गुंतली असन. मंग मी पाहत गेली. कुकरची शिट्टी झाली, नाही वळली. मिरची तडतडली, नाही. मी मागून ताटावर पळी मारली, तरी नाही. समोर गेली का हासते. सावली दिसली का वळते. आवाजानं नाही वळत वं."

मला आधी रागच आला. वाटलं, हा त्या दिवसाचा वचपा आहे. माझी पोर शांत आहे, कुकरच्या शिट्टीतही झोपते, हे मीच कौतुकानं ऑफिसात सांगत फिरत होते. मी म्हटलं, "आई, तुमचं काहीतरीच. मुलं असतात अशी." त्या म्हणाल्या, "असन. पण दाखवून घे." दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. रविवारी प्रदीप चर्चला गेला होता, आई गेल्या नव्हत्या. मी स्वयंपाकघरात गेले, करुणाला चटईवर पाठमोरी बसवलं, परात घेतली आणि खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडली. माझ्याच दातांत कळ गेली इतका आवाज झाला. करुणा वाटी घेऊन बसली होती. ती वाटी पालथी करत होती, सुलटी करत होती. तिनं पुन्हा पालथी केली.

मी तिथेच फरशीवर बसले. आईंनी गॅस बंद केला आणि त्याही गुडघ्याला हात देत देत खाली बसल्या. पदराला हात पुसत विचारलं, "प्रार्थना करू का? तुले चालन का?" मी होकाराची मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "काय मागू?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही." त्या म्हणाल्या, "मंग तेच सांगते त्याले. का आमाले माहीत नाही." आणि डोळे मिटून त्यांनी खरोखर तेवढंच सांगितलं.

तपासण्या झाल्या. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं, पण अगदीच नाही असं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, वर्षाच्या आत आणलंत हे फार बरं केलंत; बरेच जण मूल बोलत नाही म्हणून तिसऱ्या वर्षी येतात, आणि तेवढी वर्षं हातची गेलेली असतात. करुणाला यंत्रं लागली. मग बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडे जायला लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "हिच्याशी दिवसभर बोला. जे करताय ते सांगत सांगत करा. कांदा चिरताय तर कांदा म्हणा, दहा वेळा म्हणा. घरात जास्त बोलणारं कोण आहे?" मी आणि प्रदीपनं एकाच वेळी आईंकडे पाहिलं. आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आई, बोला आता. मोठ्यानं बोला."

त्यानंतरची वर्षं आमच्या स्वयंपाकघरात जे चाललं ते शेजारच्या तीन घरांना पाठ असेल. करुणा ओट्याच्या कडेला मांडलेल्या स्टुलावर, आई तिच्याकडे तोंड करून. "हे वांगं. जांभळं वांगं. याले कापू. हे पाह्य, पोटात बिया. हे तिखट, भिवापूरचं तिखट, तुले नाही, तुह्या बापाले." वासही द्यायच्या, हातातही द्यायच्या. आणि यातूनच प्रार्थना सुरू व्हायची, कुठे कांदा संपला आणि कुठे देव लागला ते कळायचं नाही. "हा गोळा मळला. मऊ झाला. प्रभू, थोरलीच्या घरी शांती दे. हा लाटला. गोल झाला. प्रभू, मधल्याले गाडी सांभाळून चालवू दे. करुणा, पाह्य, फुगली पोळी." मी कोर्टातून आले की मलाही ओढून घ्यायच्या. माझं नाव आता उघड असायचं. "प्रभू, सुजाता दमून आली हाये, तिची पाठ दुखते." मी म्हणायचे, "आई, मला विचारा ना, मी इथेच आहे." "तुलेबी विचारते. पहिले तुलेच विचारलं ना?" विचारलेलं असायचं. ती शिस्त त्यांनी कधी मोडली नाही. मुलांबद्दल, माझ्याबद्दल, प्रदीपबद्दल जे असेल ते आधी त्या माणसाला, मग वर. कधीकधी ऐकून घेणं सोपं नसायचं. पण आडून काही येणार नाही हे एकदा कळलं की घरात निर्धास्त वावरता येतं.

दीड वर्षं करुणा नुसती पाहत राहिली. मॅडम म्हणत, भरतंय, भरतंय, सांडेल एक दिवस. नाताळच्या आधी करंज्या करायला बसलो होतो. आई सारण भरत होत्या आणि देवाकडे भिलाईवाल्यांसाठी काहीतरी मागत होत्या. करुणानं हात पुढे केला आणि म्हणाली, "दे." आईंचा हात थांबला. करुणा पुन्हा म्हणाली, "दे," जरा चिडून. आईंनी सारणाची अख्खी वाटीच तिच्यापुढे ठेवली आणि पदरानं डोळे पुसत मला म्हणाल्या, "माह्यासारखीच निघाली. बोलायची सुरुवातच मागण्यानं."

पुढचं सगळं सोपं होतं असं नाही. एका शाळेनं नाही म्हटलं, दुसरीनं घेतलं. वर्गात मुलं नक्कल करायची, तेव्हा आईंनी वर्गाला पुरतील एवढे गोळाभाताचे डाळीचे गोळे करून पाठवले. मुलांचं चिडवणं त्यानं थांबलं असं मला वाटत नाही, पण डबा खाताना करुणाशेजारी दोघी-तिघी बसायला लागल्या. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर येणारे आमचे पाहुणे माहेरी उतरत, त्यांच्यासाठी आई डबे भरून पोळ्या पाठवायच्या. मी चर्चला कधी गेले नाही, सणावारी सोडून. लग्नानंतर दोन वर्षं त्या देवाकडे माझं मन वळवायला मागत होत्या. मग ते मागणं बंद झालं. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मनात एक गोष्ट मात्र होती. ती मी या जानेवारीत बोलले. नाताळच्या उपासनेत करुणानं माइकसमोर उभं राहून बायबलमधला शास्त्रभाग वाचला होता, एकही शब्द न गाळता. त्यानंतर आई जरा वेगळ्या झाल्या होत्या. सकाळी बराच वेळ नुसत्या बसलेल्या दिसायच्या. मी म्हटलं, बरं नाही का? म्हणाल्या, "बरी हाओ. मागायले बसते तं मागायचं काही सापडतच नाही. नुसतीच बसून राहते. चांगलं वाटते." तेव्हा मी म्हटलं, "आई, तेव्हा मी तुम्हाला फार तोडून बोलले होते. तीन महिने तुमचं तोंड बंद केलं." त्या वाटाणे निवडत होत्या की तांदूळ, आता आठवत नाही. मान वर न करता म्हणाल्या, "बरं केलं वं. नाहीतं मी बडबडतच राहिली असती. चूप बसली म्हणून ते पोरीचं ध्यानात आलं. माह्याच आवाजात मले काही आयकू येत नव्हतं."

पंधरा वर्षं ते ओझं मी उगाच वागवलं होतं, आणि त्यांनी ते दोन वाक्यांत उतरवून ठेवलं. महिन्याभरात त्या गेल्या. दफनविधीला शास्त्रभाग करुणानंच वाचला. चर्चच्या पाळकांनी विचारलं होतं, जमेल का, आवाज कापेल. तिचा आवाज कापला, पण थांबला नाही. घरी चूल पेटवायची नव्हती म्हणून माझी आई भाकरी आणि पिठलं घेऊन आली, आणि पाहुण्यांना वाढताना सगळ्यांना सांगत होती की विहीणबाई पिठल्यात लसूण जास्त घालायच्या.

गेल्या आठवड्यात करुणाची परीक्षा संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते. ती उठली, यंत्रं न घालता तशीच स्वयंपाकघरात आली, आणि माझ्या मागे उभं राहून तिनं माझ्या पाठीवर तळहात टेकवला. मी वळून पाहिलं. माझ्या ओठांकडे बघत ती म्हणाली, "आजी रोज सकाळी बोलायची ना, ते मला इथून कळायचं. शब्द नाही कळायचे. पण चालू आहे, एवढं कळायचं." आणि तिनं हात पुन्हा होता तिथे ठेवला. एवढी वर्षं मला वाटत होतं, ती सकाळी अर्धवट झोपेत आजीच्या पाठीला चिकटते.

मला प्रार्थना येत नाही. तिचा हात पाठीवर होता, ती वाट पाहत होती. मी तव्याकडे तोंड केलं, पोळी उलटली, आणि जबलपूरच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली.