गाव रिकामं होईना

आमच्या गावात बाबलीकाकांशी ज्याचं भांडण झालेलं नाही असा माणूस सापडलाच, तर तो काल-परवा जन्मलेला असणार. देवळाशी ते पालखीच्या मानावरून भांडले, भजनी मंडळाशी पेटीच्या सुरावरून, आणि कट्टा गावच्या सत्संगात गेले ते तिथल्या महाराजांनाच “कालचा सांगणा आज बदलला कसा?” असं विचारून घरी आले. दर भांडणाला एकेक देव सुटत गेला. साठी उलटल्यावर काकांनी जाहीर केलं, “माका आता धर्म नाय.” गावाला हायसं वाटलं. भांडायचा एक विषय कमी झाला, असं आपलं गावाला वाटलं.

त्याच वर्षी मार्गशीर्षात गावपळणीचा कौल झाला.

आमच्याकडे अधूनमधून ग्रामदैवत रवळनाथाचा असा कौल होतो, आणि मग अख्खं गाव घरांना कड्या लावून गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री आणि म्हाताऱ्यांसकट वेशीबाहेर पडतं. व्हाळ, म्हणजे गावचा ओढा, ओलांडला की वेस संपते. पलीकडे माडाच्या झावळांच्या खोपी घालून तीन रात्री काढायच्या, मग पुन्हा कौल लावून परतायचं. अट एकच, गाव पूर्ण रिकामं पाहिजे. एक जरी माणूस आत राहिला तर ती रात्र मोजणीत धरत नाहीत.

“मी येवचंय नाय,” काका म्हणाले.

त्यांना न्यायला गुरुप्रसाद गेले. हे देवाचे पहिले मानकरी, कट्ट्याला पत्र्यांचं दुकान, आणि काकांचे शाळेपासूनचे वैरी. बरोबर काकांची पुतणी दीपिका होती. ती जामसंड्याला शिक्षिका. वाटेत तिने गुरुप्रसादांना बजावलं होतं की ‘धर्म’ हा शब्द तोंडातून काढू नका.

“बाबल्या, ऊठ. गाव भायर पडलो.”

“ह्यो धर्म आसा काय?”

“धर्म खंयचो? बेकरीवाले शेख येतत, पोस्टातलो तो देव न मानणारो पोरगो येता. सगळ्यांचो एक धर्म आसा काय?”

“मगे ही सहल. माका सहलीची आवड नाय.”

“सहल कशी रे मेल्या? देवान सांगलेला आसा!”

“म्हणजे धर्मच. तो माका नाय.”

“बरा, रीत समज.”

“रीत मोडली तर देव कोपतलो?”

“कोपतलोच!”

“इलंस परत थंयच!”

मग दीपिका पुढे सरसावली. “काका, धर्म म्हटला की त्याला ग्रंथ लागतो, कोणीतरी तो स्थापन केलेला असतो. पळणीला यातलं काय आहे?”

“तेतला रवळनाथाक तरी काय आसा? मगे तोय धर्मात नाय म्हण.”

हे ऐकून गुरुप्रसाद तिच्यावरच उखडले, “काय गो, आमचो देव धर्मात नाय? ह्याच शिकवतंस पोरांका?” आणि काकांच्या अंगणात काकांना सोडून बाकीच्यांचंच जुंपलं. दीपिका बिचारी व्याख्या रुंद करी तेव्हा सहल आत शिरायची, अरुंद करी तेव्हा खुद्द रवळनाथ बाहेर राहायचे. काका खुर्चीवर बसून दोन्ही बाजूंना उत्तेजन देत होते.

ती रात्र धरली नाही. दुसरीही नाही. व्हाळापलीकडे माणसं दातओठ खात बसली. शेजारच्या संचिताचं तान्हं बाळ थंडीने शिंकू लागलं, कोणाची रजा संपत आली. गावातला तरणा निलेश म्हणाला, “खुर्चीसकट उचलून हाडूया.”

काकांची बायको राधाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “हाडशात, आणि मगे पोलिसांका घेवन तो परत आत जातलो. घोव माझो आसा. माका ठाऊक.”

तिसऱ्या दिवशी दुपारी काका व्हाळाच्या काठाशी आले, पण आतल्या बाजूला. रिकाम्या गावात भांडायला कोणी नव्हतं. सकाळपासून एका कावळ्यावर भागवलं होतं, तोही कंटाळून उडाला. काठावरून त्यांनी हाका घातल्या, “काय रे भाविकांनो, देव भेटलो काय?”

राधाबाईने सगळ्यांना दटावलं, “कोणी उत्तर देव नका.” आणि भांडी घासत संचिताला ऐकवू लागली, तेही काठापलीकडे जाईल अशा आवाजात, “पेटीच्या भांडणात शेवटी ह्यांनीच माफी मागली गो. मंडळाच्या पाया पडले. रडले.”

“कोण रडलो?” पलीकडून गर्जना झाली.

“नाकातसून पाणी येय होता,” राधाबाई म्हणाली.

काका धोतर वर धरून सरळ पाण्यात उतरले आणि या काठाला आले. गाव रिकामं झालं.

तेवढ्यात निलेशने शंका काढली, “पण तो भांडूक इलो. देवासाठी खंय इलो?”

“देवान गाव रिकामो करूक सांगल्यान, मन न्हय,” गुरुप्रसाद म्हणाले. “आजपासून रात्र धरा.”

आता त्यांना परत जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून भांडण विझू द्यायचं नाही असं ठरलं आणि माणसांनी पाळ्या लावल्या. सकाळी पालखी, दुपारी पेटी, संध्याकाळी बांधावरचा फणस. आधी हे ठरवून चाललं होतं, पण वर्षांची साठवण बाहेर पडायला लागल्यावर सगळे मनापासून भांडू लागले. गुरुप्रसादांनी तर पाळी नसतानाही येऊन सांगितलं, “माझ्या आवशीच्या दिवसकार्याक तू देवळाक कुलूप घातलंस, ता मी मरासर इसरूचंय नाय.” काकांनी चुलीवरचा चहा ओतून त्यांच्यापुढे सरकवला.

तिसरी रात्र सरली, कौल झाला, परतायची आज्ञा मिळाली. ढोल वाजला. माणसं खोपी मोडून गुरं हाकत व्हाळात उतरली. काका मात्र जागचे हलले नाहीत.

“चल रे, संपली पळण,” गुरुप्रसाद म्हणाले.

“तुमची संपली. देवाचो हुकूम झालो म्हणून मी घराक जावचंय? मगे माझ्यात नि तुमच्यात फरक काय रवलो? मी उद्या जातलंय. माझ्या मर्जीन.”

“अरे, इतक्या कडक तर आमी पण पाळणव नाय!”

“ता तुमचा तुमी बघा.”

गुरुप्रसादांनी कपाळावर हात मारला आणि ते व्हाळ ओलांडून गेले. राधाबाईने कोंबड्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि पाण्यात पाय घालताना मागे न बघता म्हणाली, “उद्या येताना ही झावळां घेवन येवा. चुलीक लागतली.”