आतोबांचं कॉफीचं यंत्र

कॉफीवर जीव असलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण आमच्या आतोबांइतका जीव लावणारा माणूस उभ्या निजामशाहीत दुसरा नसावा. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नळदुर्गात त्यांचं कापडाचं दुकान होतं. तिथल्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो, तेव्हा आत्यानं मला वेगळी खोली बघूच दिली नाही. "आपलं घर सोडून खोली कशापायी?" म्हणाली, आणि माडीवर माझी वळकटी टाकून मोकळी झाली. त्यामुळं मला आतोबांना रोज सकाळसंध्याकाळ पाहायला मिळालं, आणि रोज सकाळी त्यांची कॉफीही प्यावी लागली.

तरुणपणी ते चिकमगळूरकडं एका कॉफीच्या मळ्यावर कारकून होते. तिथून परत आले ते दोन गोष्टी घेऊन: बारा महिने अंगावर असणारा एक गरम कोट आणि कॉफी. ज्वारीच्या आणि चहाच्या मुलखात हा माणूस एकटा कॉफी पीत होता, आणि एकट्यानं पिण्यात त्यांना मजा वाटत नसे. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला कापड दाखवायच्या आधी कॉफी. पंचायतीला आलेल्या पाटलाला कॉफी. वसुलीला आलेल्या जवानालाही कॉफी. अणदूरचा एक म्हातारा शेतकरी पहिला घोट घेऊन बराच वेळ डोळे मिटून बसला होता. मग म्हणाला, "औषध लई कडू हाय मालक. गुण येईल म्हना." पुढच्या बाजाराला तो खोकणाऱ्या सुनेसाठी तांब्या घेऊन आला. आतोबा रागावले नाहीत. "औषध म्हणून का होईना, पितात की!" असं म्हणत त्यांनी तांब्या भरून दिला. तयार पूड मात्र ते घरात येऊ देत नसत. सोलापुरात दळलेली कॉफी पुडीत मिळायची. तिचं नाव काढलं तरी ते तोंड वाकडं करायचे. "दळली की कॉफी मरते मास्तर! पुडीत बांधतात ती तिची राख!"

म्हणजे बिया घरात भाजायच्या आणि घरातच कुटायच्या. कुटायची आत्या. पहाटे अंगण झाडून झालं की ती खापरीवर बिया भाजायची, लोखंडी खलबत्त्यात कुटायची आणि दुधात उकळून फडक्यातून गाळायची. तोवर आतोबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसत. तो तासभर त्यांच्या बोलण्याचा असे. मळ्यात शिरलेला हत्ती, धुक्यात वाट चुकलेला टपालवाला, अंगाला चिकटलेल्या जळवा, ह्या गोष्टी मी इतक्या वेळा ऐकल्या की हत्ती कुठल्या बांधावरून आला ते मी झोपेत सांगितलं असतं. आत्या मात्र दर वेळी हत्तीपाशी हात थांबवायची आणि विचारायची, "मग वो?" दिवसभरात त्या दोघांचं एवढंच बोलणं होत असे. एरवी ते दुकानात आणि ती घरात. स्वतः आत्यानं कॉफीचा घोट कधी घेतला नव्हता. ती गुळाचा चहा प्यायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या दिवसांत आत्याचं उजवं मनगट सुजलं. वैद्याचा लेप झाला, तेल चोळून झालं, पण सूज ओसरेना. आतोबांनी ते पाहिलं आणि फार अस्वस्थ झाले. दुसऱ्या कुणी कॉफी कुटायला बाई ठेवली असती. आतोबांचा भरवसा यंत्रावर. घड्याळ असो, स्टोव्ह असो, ते यंत्रांना 'साहेब' म्हणत आणि बिघडली तर त्यांच्याशी अदबीनं बोलत. "काय साहेब, आज तब्येत बरी नाही वाटतं?" सोलापुरातल्या एका दुकानाच्या काचेआड त्यांनी कॉफी दळायचं हातयंत्र पाहिलं होतं. खाली शिसवी पेटी, तिला खण, वर पितळी घुमट आणि फिरवायला दांडा. एका शुक्रवारी, निजामी शाळांना त्या दिवशी सुट्टी असे म्हणून, मलाही बरोबर घेऊन ते मोटारीनं सोलापूरला गेले आणि ते यंत्र मांडीवर घेऊन परत निघाले.

निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. तिथल्या दारोग्यानं फडकं उचलून पाहिलं आणि तो दोन पावलं मागं सरला.

"क्या है ये? बम तो नहीं?"

आतोबांना एवढंच पाहिजे होतं. त्यांनी कोटाच्या खिशातून भाजलेल्या बिया काढल्या, घुमटात टाकल्या आणि दांडा फिरवला. दांड्याबरोबर पेटीच गरकन फिरली. त्यांनी ती पोटाशी धरली. मग यंत्रातून जो आवाज निघाला, त्यानं नाक्यावरचे बैल बिचकले. खण आपोआप उघडला आणि आतलं सगळं आतोबांच्या धोतरावर सांडलं: थोडा भुगा, थोडं पीठ आणि बऱ्याचशा अख्ख्या बिया.

दारोगा गंभीरपणे म्हणाला, "बड़े मियाँ, ये पिसती कम है, रोती ज़्यादा है. ले जाओ. इस पर महसूल लेना गुनाह है."

मोटारीतली माणसं पोट धरून हसली. आतोबा मला म्हणाले, "नवं आहे. साहेबांना अजून हात ओळखीचा नाही."

तो हात ओळखीचा कधी झालाच नाही. ज्यानं ते यंत्र बनवलं होतं, त्यानं आयुष्यात कॉफी दळली नसावी. पेटी इतकी हलकी की गुडघ्यात आवळून धरल्याशिवाय जागेवर राहायची नाही. दांडा इतका आखूड की सारा जोर मनगटावर यायचा. घुमटाचा गळा अरुंद, त्यात बिया अडकायच्या. बारीक-जाड करायचा पेच आतल्या बाजूला, आणि तो फिरवता फिरवता आपोआप सैल व्हायचा. आतोबांनी खणाला दोरी बांधली, पेटीखाली गोणपाट घातलं, लोहाराकडून दांडा लांब करून घेतला. लांब झालेला दांडा मग दर फेरीला पेटीच्या कडेवर आपटू लागला. शेवटी ते तक्रार घेऊन सोलापूरला गेले. दुकानदार म्हणाला, "अहो, ह्यानं दळतं का कुणी? साहेबलोक कपाटावर ठेवतात." आतोबा ते तसंच परत घेऊन आले. पण तोवर साऱ्या नळदुर्गाला यंत्राची बातमी कळली होती. पेठेतला जो तो विचारायचा, "काय, दळतंय का?" आणि आतोबा म्हणायचे, "दळतंय म्हणजे काय! झकास!"

आणि मग एका महिन्यात ते खरोखरच झकास दळायला लागलं. सकाळी आतोबा यंत्र गुडघ्यात धरून थोडा वेळ फिरवत, आत्याच्या हवाली करत आणि आंघोळीला जात. परत येईतो खणात मऊ, एकसारखी पूड तयार असे. आतोबांचा आनंद काय सांगावा! "पाहिलंत मास्तर? साहेब वळणावर आले! यंत्राला वेळ द्यावा लागतो." मीही मान डोलवायचो. मला तरी काय ठाऊक!

एका शुक्रवारी आतोबा दुकानाच्या किल्ल्या विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. मी ओसरीवर वह्या तपासत होतो. परसातल्या गोठ्यामागून ठक ठक आवाज येत होता. ते आवाजाच्या रोखानं गेले, म्हणून मीही गेलो. गोठ्याच्या भिंतीला टेकून आत्या बसली होती. मनगटाला चिंधी गुंडाळलेली, आणि ती डाव्या हातानं खलबत्त्यात कुटत होती.

"हे काय?" आतोबांनी विचारलं.

"शेंगांचा कूट करतेय."

सगळा गोठा कॉफीच्या वासानं भरला होता. म्हैससुद्धा नाक वर करून उभी होती.

"शेंगांना कॉफीचा वास कधीपासून यायला लागला गं?"

आत्यानं बत्ता खाली ठेवला. "तुमी एवढ्या हौसेनं आणलं. गावभर सांगितलं. म्हनलं, ऱ्हाऊ द्या. उद्याची पूड आजच करून ठेवते, काय बिघडतंय?"

"आणि हात?"

"हाताचं काय, हात हाय की."

आतोबा तिथंच शेणाच्या पाटीवर बसले. खलबत्त्यातली चिमूटभर पूड त्यांनी बोटांत चोळून पाहिली. मग उठले आणि म्हणाले, "उद्यापासून ह्या घरात कॉफी बंद."

त्यांनी तो शब्द पाळला. हट्टी माणूस! डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, दुकानात गिऱ्हाइकावर खेकसायचे, पण कॉफीला शिवले नाहीत. सकाळी तांब्याभर पाणी पिऊन थेट दुकानाची वाट धरायचे. उंबऱ्यावर बसायचं कारणच उरलं नव्हतं. पावसाळ्यापर्यंत आत्याच्या मनगटाची सूज उतरली. मी एकदा म्हटलं, "आत्या, हात बरा झाला तुमचा." ती भाकरी थापत होती. म्हणाली, "हात बरा झाला रं. पन सकाळ लई मोठी झाली."

हे मी आतोबांना आडून सांगून पाहिलं. ते भडकले. "तिचा हात मोडून मी कॉफी पिऊ? तुम्ही मास्तर आहात का कोण आहात!" तिला कॉफी नव्हे, तो उंबरा पाहिजे होता, हे त्यांना कळलं नाही. आणि तोंड उघडून मागायचं, हे आत्याला आयुष्यात जमलं नव्हतं. अशी दोन-तीन वर्षं गेली.

मग रझाकारांची धामधूम आली. पेठेतली बरीच घरं कुलपं लावून सोलापूरच्या बाजूला गेली, तसे आम्हीही गेलो. एका ओळखीच्या माणसाच्या चाळीत एक खोली मिळाली. तिथं आतोबांना दुकान नव्हतं, जायला जागा नव्हती. दिवसभर दोघं त्या खोलीत समोरासमोर बसून असत, आणि बोलायला काही सुचत नसे. एका सकाळी आतोबा काही न सांगता बाहेर पडले आणि हातात पुडी घेऊन आले. कॉफीची तयार पूड! ज्या पुडीला ते राख म्हणत, तीच.

"तू बस," ते आत्याला म्हणाले. "मी करतो."

आयुष्यात पहिल्यांदा ते चुलीपाशी बसले. दूध उतू गेलं, फडकं निसटलं, पूड जास्त पडली. शेवटी जे तयार झालं ते त्यांनी आधी आत्यापुढं ठेवलं. तिनं एक घोट घेतला. तिचं तोंड असं झालं की मला हसू आवरेना.

"कशी झालीय?"

"बरी झालीय," आत्या म्हणाली. मग पेला खाली ठेवून म्हणाली, "त्या हत्तीचं काय झालं वो पुढं? लई दिवस झाले."

आतोबांनी तिच्याकडं पाहिलं. मला वाटतं, सगळं त्यांना त्या क्षणी कळलं. ते खाली मान घालून हत्तीची गोष्ट सांगू लागले. मी पाण्याचं निमित्त काढून बाहेर गेलो.

भारताच्या फौजा आल्यावर आम्ही नळदुर्गला परतलो. घराचं कुलूप तुटलेलं होतं. भांडीकुंडी गेली होती, यंत्रही गेलं होतं. नेणाऱ्याची मला मनापासून कीव आली. आतोबांनी सोलापूरहून पुड्या मागवायला सुरुवात केली. तसं वर्षभर चाललं असेल-नसेल. त्या थंडीत आत्याला ताप भरला आणि ती गेली.

पुढं माझी बदली उमरग्याला झाली. आतोबा मोटारीपर्यंत पोचवायला आले. अंगात तोच कोट होता, खांदे मात्र आत आखडले होते की कोटच मोठा झाला होता, कुणास ठाऊक. मी वर चढलो, तेव्हा ते खिडकीशी आले.

"मास्तर, मी सोलापूरच्या दुकानदाराला शंभर गोष्टी विचारल्या. पितळ कुठलं, दाते कसले. घरात तिला एकदा विचारायचं होतं, काय पाहिजे म्हणून. तेवढं राहिलं."

मोटार सुरू झाली. ते हात वर करून उभे होते. त्यांना काहीतरी बरं वाटेल असं बोलावं म्हणून मी शब्द शोधत राहिलो, आणि ते सापडायच्या आत बोरी नदीवरचा पूल मागं पडला.